तो हात कुठल्या भाषेतला

२२ जानेवारी, गुरुवार. डायव्हिंगचा जाड सूट उलटा करून बाथटबात भिजत घातला होता, तो आत्ता काढून बाल्कनीत निथळत टांगलाय. डाव्या गुडघ्याला बोटभर चीर गेली आहे. सूट सुकला की पंक्चरवाला लावतो तसलं सोल्यूशन चिरेच्या दोन्ही कडांना लावायचं, चिकट होईपर्यंत थांबायचं, मग कडा एकमेकींवर दाबून वरून टाल्कम पावडर मारायची. दुकानात दिला तर हेच काम आठवडा खातं आणि चीर महिन्याभरात परत उघडते. घरी केलेलं बरं. निदान कुणी केलं ते माहीत असतं.

वारा उत्तरेचा सुटलाय. सालमियातल्या आमच्या बाल्कनीतून दोन इमारतींच्या फटीत समुद्राची एक उभी पट्टी दिसते. उन्हाळ्यात ती डोळ्यांत खुपेल इतकी पांढरी असते, आज शिशाच्या रंगाची आहे. नाशिकला कुणाला सांगितलं की कुवेतमध्ये थंडी वाजते, तर लोक ऐकून घेतात, पण विश्वास ठेवत नाहीत. हे आखात उथळ आहे. उथळ पाणी चुलीवरच्या पातेल्यासारखं लवकर तापतं आणि तितक्याच लवकर गार पडतं. जानेवारीत पाण्यात उतरलं की आधी दात दुखतात, मग कपाळ दुखतं, मग काहीच दुखेनासं होतं. ते काहीच न दुखणं धोक्याचं.

उद्या आमच्या गटाचा म्हाकुळांचा, म्हणजे कटलफिशचा, सर्व्हे आहे. गट म्हणजे हौशी पाणबुड्यांचा. सुट्टीच्या दिवशी खाली जायचं, काय दिसलं ते प्लास्टिकच्या पाटीवर लिहायचं, कोळ्यांची हरवलेली जाळी आणि पिंजरे कापून वर काढायचे. पगार नाही, उलट सिलिंडर आपल्या खर्चाने भरायचे. उन्हाळ्यात बोटीत माणसं मावत नाहीत, कारण तेव्हा प्रवाळ असतं, कासवं असतात, फोटो चांगले येतात. थंडीत हिरवट, गढूळ पाण्यात उतरायला आम्ही तीन-चार जण उरतो. आणि म्हाकुळं नेमकी थंडीतच काठाकडे येतात, अंडी घालायला.

संध्याकाळी बू यूसुफांचा आवाजी निरोप आला. ते गटाचे प्रमुख, कुवेती, निवृत्त भूगोल शिक्षक, बोट त्यांचीच. त्यांचं हिंदी दुकानांत आणि गॅरेजांत शिकलेलं. निरोप असा: "सुनंदा, नसरीन वापस आया. कल आना मांगता. नया जगा उसको बोलना, नहीं बोलना? तुमारा आदमी है. तुम बोलो."

नवी जागा म्हणजे गेल्या आठवड्यात बू यूसुफांना सापडलेला एक बेवारशी पिंजरा. त्याच्या तारांवर म्हाकुळांनी अंडी घातली आहेत. ती फुटून पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो तिथेच राहायला हवा आणि कुणाच्या नजरेला पडता कामा नये. जागा त्यांना माहीत आहे आणि मला. तिसरं कुणी घ्यायचं की नाही, ते मी उद्या सकाळपर्यंत सांगायचं.

'तुमारा आदमी' ऐकून मला नेहमी हसू येतं. इथल्या माणसाला नाशिक काय आणि श्रीवर्धन काय. नसरीन श्रीवर्धनकडची. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत. तिच्या घरात समुद्राची वाळू झाडूने रोज लोटायची असते. पण ह्या गटात आम्ही दोघीच मराठी बोलणाऱ्या, म्हणून ती माझं माणूस. चार हिवाळ्यांपूर्वी ती खरंच होती.

आम्ही डायव्हिंग शिकलो ते एकाच तलावात. वर्गातली बाकीची पोरं आमच्या निम्म्या वयाची. शिकवणाऱ्याने आम्हा दोघींची जोडी लावली, दोघी इंडियन, दोघींची एक भाषा, दोघींचं वयही एक. वय एक नव्हतं, ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, पण पोहण्याच्या टोपीत सगळ्याच बायका एका वयाच्या दिसतात. समुद्राकाठच्या बाईने डोकं कधी पाण्याखाली घातलं नव्हतं ह्याचं मला नवल वाटलं. ती म्हणाली, "आमच्याकडं समुद्र बापयांचा गो ताई. बायांनी फक्त वर आलेली मासळी निवडायची." मी पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, समुद्राचं पाणी बाटलीतून येतं आणि मी ते तपासते. म्हणजे दोघींचं समुद्राशी नातं निवडण्या-पाखडण्याचंच होतं.

नवरा, श्रीकांत, तेव्हा म्हणाला होता की तुला सोसायटीची सेक्रेटरी व्हायचं होतं, ती हौस आता माशांवर भागवशील. अगदीच खोटं नाही.

थंडीतलं डायव्हिंग मला नसरीनने सोसायला लावलं. पाण्यात उतरण्याआधी ती थर्मासातलं कोमट पाणी माझ्या सूटमध्ये मानेपासून ओतायची. "मान पुढं कर," म्हणायची, आणि ते पाणी पाठीवरून घसरत कमरेपर्यंत जायचं. समुद्राचं गार पाणी आत शिरायला जागाच उरू नये म्हणून ही युक्ती. वर आलो की दुसऱ्या थर्मासातला सुंठेचा चहा. थर्मास दिसायला सारखे. एकदा तिने घाईत चहाच ओतला. दिवसभर मला मुंग्या लागतील असं वाटत होतं, आणि ती मात्र सगळ्या बोटीला सांगत होती की ताईला आतून-बाहेरून चहा पाजला.

पहिलं म्हाकूळ मला तिनेच दाखवलं. तिने बोट केलं तिथे मला नुसती वाळू दिसत होती. मग त्या वाळूला डोळा फुटला. बाहुली नागमोडी, झोपाळलेली, आणि नजर अशी की ह्या बाईचं इथे काय काम आहे. मग अंगावरून पट्टे सरकले, वाळूचा दगड झाला, दगडाचं पुन्हा काहीतरी तिसरंच झालं आणि ते मागच्या मागे निघून गेलं, आमच्याकडे तोंड ठेवून. पाठ न दाखवता निघून जाणारा प्राणी मला फार शहाणा वाटला. नसरीन वर आल्यावर म्हणाली, ह्याचं कालवण काय होतं तुला सांगू का. मी म्हटलं, सांगू नकोस, मला अजून पाटीवर नोंद करायची आहे.

त्याच हिवाळ्यात आम्हाला तो पहिला पिंजरा सापडला. इथले कोळी तारेचा घुमटासारखा पिंजरा टाकतात, त्याला गर्गूर म्हणतात. माशाला आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. दोरी तुटली की पिंजरा हरवतो, पण काम थांबवत नाही. आत शिरलेला मासा मरतो, त्याच्या वासाने दुसरा येतो. असे पिंजरे दिसले की आम्ही ते वर काढतो, हा आमचा नियमच. पण ह्या गर्गूरच्या तारांना घोसच्या घोस अंडी चिकटलेली होती. पांढरी, पाणीदार, सोललेल्या लसणीच्या पाकळ्यांसारखी. टॉर्च मागून धरला की प्रत्येकीत एक ठिपका दिसायचा. पुढे त्या ठिपक्याला डोळे आले.

नियम मोडायचा की अंडी, असा प्रश्न होता. बू यूसुफांनी पिंजऱ्याचं तोंड पक्कडीने कापून काढलं, म्हणजे आत कुणी अडकणार नाही, आणि पिंजरा जागेवर ठेवला. वर खूण म्हणून डबासुद्धा तरंगत ठेवला नाही. जागा तिघांनाच माहीत: बू यूसुफ, नसरीन आणि मी. बोटीवर परतताना नसरीनने सांगितलं की तिच्या गावाकडे पिंजऱ्याला अशी अंडी लागली तर कोळी ती मुद्दाम काढत नाहीत. अंडी बघून आणखी म्हाकुळं येतात, पिंजरा भरतो. ती हे सहज बोलली. मी त्या वेळी सहजच ऐकलं.

पुढच्या शुक्रवारची गोष्ट. बू यूसुफ खाली होते. नसरीन आधी वर आली होती आणि बोटीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, उभी होती. मी शिडीपाशी पाण्यातच, पायातल्या फिन्स काढत होते. तेवढ्यात मासेमारीची एक बोट आमच्या जवळ आली, त्यावर आपल्याकडचे दिसणारे तिघे. त्यांनी ओरडून काहीतरी विचारलं. वाऱ्यामुळे शब्द कळले नाहीत. नसरीनही काही ओरडली, तेही कळलं नाही. मला दिसला फक्त तिचा हात. पाची बोटांची टोकं एकत्र जुळवून, वर करून, तिने तो हात दोन-तीनदा हलवला. ती बोट थोडी रेंगाळली, माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि वळली.

कुवेतमध्ये राहणाऱ्या कुणालाही ह्या हाताचा अर्थ सांगावा लागत नाही. रस्ता ओलांडताना, बँकेच्या रांगेत, इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, कचेरीत, सगळीकडे हा हात दिसतो: जरा थांब, सबुरीने. आणि आपल्याकडे ह्याच हाताचा अर्थ एवढ्याशा पोरालाही कळतो: जेवण, खाणं, घास. इथल्या आमच्या घरांत हे दोन्ही हात एकाच टेबलावर वावरतात आणि कुणाचा घोटाळा होत नाही, कारण समोर कोण आहे ते आपल्याला माहीत असतं. अरबाला आपण अरबी हात करतो, आईला मराठी.

त्या बोटीवरची माणसं आपल्याकडची होती.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी आम्ही तिघे खाली गेलो, तर पिंजरा जागेवर नव्हता. तिथे नवे, चकचकीत तारेचे गर्गूर ओळीने ठेवलेले होते. आत म्हाकुळं. एकमेकांना खेटून, पट्टे विझलेले, राखाडी. जुना पिंजरा फरफटत नेल्याची रेघ वाळूत दिसत होती आणि त्या रेघेवर अंडी सांडली होती. काहींतली पिल्लं अजून हलत होती. एक मासा शांतपणे एकेक टिपत होता, कोंबडी दाणे टिपते तसा. बू यूसुफांनी दुसऱ्याच्या पिंजऱ्यांना हात लावायचा नाही अशी खूण केली आणि फोटो काढत राहिले. नसरीन वाळूवर गुडघे टेकून अंडी वेचत होती. जाळीच्या पिशवीत भरून तिने ती एका खडकाच्या कपारीत लटकवली. मी तिच्या मास्ककडे बघत होते. आत पाणी होतं. मास्क गळतो तेव्हाही आत पाणी असतं.

बू यूसुफांनी वर येऊन जिथे कळवायचं तिथे कळवलं. कुणी बघायला जाईपर्यंत ते पिंजरे उचलून नेलेले होते.

पिशवीतल्या अंड्यांचं काय झालं ते सांगता येत नाही. एक शुक्रवार वाऱ्यात गेला. त्यानंतर बघितलं तेव्हा पिशवी रिकामी होती. रिकामी म्हणजे पिल्लं जाळीतून निघून गेली, किंवा कुणी खाऊन टाकली. मी ती पिशवी घरी आणून धुतली, सुकवली, उजेडात धरून पाहिली. काही कळलं नाही.

मग मी संशय घ्यायला लागले. मला ते येतं. प्रयोगशाळेत आलेल्या नमुन्यावर मी विश्वास ठेवला तर मला पगार कशाचा? बाटली कुणी भरली, झाकण कुणी लावलं, उन्हात किती वेळ राहिली, हे विचारल्याशिवाय मी यंत्र सुरू करत नाही. डायव्हिंगमध्येही उतरण्याआधी जोडीदाराच्या झडपा आणि नळ्या तपासायच्या असतात, त्याने तपासलेल्या असल्या तरी. संशय घेतला म्हणून तिथे कुणाला राग येत नाही. माणसांच्या बाबतीत ही पद्धत चालत नाही, एवढं मला कळतं. पण दुसरी पद्धत मला येत नाही.

आधी घरापासून सुरुवात केली. श्रीकांतला विचारलं की मी तुला जागा सांगितली होती का. तो म्हणाला, कसली जागा? पिंजऱ्याची. कसला पिंजरा? मी आठवडाभर जेवताना दुसरं काही बोलले नव्हते. माझं बोलणं तो ऐकतच नाही, त्यामुळे निर्दोष सुटला. बू यूसुफांचा पुतण्या गळ घेऊन समुद्रावर जातो, हे आठवलं, आणि थोड्या वेळाने मी ते विसरले. नसरीनचे जेठ, म्हणजे थोरले दीर, अब्बासियात मासळीची खानावळ चालवतात, हे आठवलं, आणि ते मात्र विसरता येईना.

मी तिथे जेवायला गेले. तेही एकटी, म्हणजे जेवायला गेले नव्हते हे कुणालाही कळलं असतं. आत कंपनीच्या बसमधून उतरलेली माणसं दाटीवाटीने जेवत होती, भिंतीवर त्या दिवसाच्या पदार्थांची पाटी, आणि पाटीवर सगळ्यात वर म्हाकूळ मसाला. जेठांनी मला ओळखलं. नसरीनची ताई म्हणून आग्रहाने वाढलं. मी विचारलं, म्हाकूळ कुठून येतं. ते म्हणाले, फहाहीलच्या बाजारातून, सध्या चिक्कार आहे, सगळीकडे तेच. खरंच होतं, हंगामात सगळ्या कुवेतभर तेच असतं. मी तुकडा काट्याने उलटसुलट करून बघत होते. त्यावर काय दिसणार होतं? पण बघत होते. चव चांगली होती. तेही मला आवडलं नाही.

आपल्या माणसावर संशय घेणं परदेशात जास्त सोपं जातं, असं माझं निरीक्षण आहे. अब्बासियात एका खोलीत सहा जण राहतात, कुणाचं घड्याळ हरवलं तर पहिला संशय आपल्या तालुक्यातल्यावर. परक्याचं काही ठाऊकच नसतं, मग त्याच्यावर घेणार काय? आपल्या माणसाचं घर, जेठ, बोलणं, हात, सगळं आपल्याला वाचता येतं. वाचता येतं म्हणून आपण वाचतो, आणि वाचलं की अर्थ लावतो.

शेवटी मी विचारलंच. महबूल्यात तिच्या घरी, स्वयंपाकघरात. ती भाकरी थापत होती, तांदळाची, पातळ, आमच्या बाजरीच्या भाकरीसमोर ती भाकरी मला नेहमी कागद वाटते. मी म्हटलं, त्या दिवशी बोटीवरून तू हात केलास, तो काय होता?

"कुठला हात?"

मी करून दाखवला.

"तो होय. सबर म्हटलं त्यांना. इंजिन थांबवा, खाली माणूस आहे. तुला काय वाटलं, जेवायला बोलावलं?"

ती हसली. मी हसले नाही. हातावरची भाकरी तशीच धरून ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिला कळलं की मी विचारायला आले नव्हते, तपासायला आले होते. तिने भाकरी तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं. मग पाठमोरीच म्हणाली, "हे तू बू यूसुफांना विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं.

मला जेवून जायला सांगितलं नाही, असं त्या घरात पहिल्यांदा झालं. पुढच्या शुक्रवारी ती आली नाही. नंतर कळलं की आई आजारी आहे म्हणून ती श्रीवर्धनला गेली आणि तिथेच राहिली. नवरा इथे, ती तिथे, अशी जवळपास चार वर्षं गेली. ईदला मी मेसेज पाठवायचे, दिवाळीला तिचा यायचा. दोन्हींत दिव्यांची चित्रं असायची.

मधले तीन हिवाळे मी बू यूसुफांबरोबर डायव्हिंग केलं. म्हाकुळं येत राहिली. अंडी मिळाली ती थोडी, खडकांच्या खालच्या बाजूला, आणि त्यांतली किती फुटली हे आम्हाला नीट सांगता आलं नाही, कारण शुक्रवार ते शुक्रवार समुद्रात काय होतं ते बघणारं कुणी नव्हतं. कुठूनतरी जाळं वाहत येतं आणि घोसावर बसतं. एखादा नांगर घासत जातो. आठवड्याच्या मधोमध एकदा कुणीतरी खाली जायला हवं. मला रजा मिळत नाही. गेल्या आठवड्यात पिंजऱ्यापर्यंत जाऊन आल्यापासून बू यूसुफांचे कान त्यांना खाली जाऊ देत नाहीत. ते बोटीवरूनच हुकूम सोडतात. मंगळवारसारख्या मधल्या वारी सकाळी मोकळी असायची ती नसरीन. दातांच्या दवाखान्यात तिची रिसेप्शनची पाळी दुपारी सुरू व्हायची.

आता ती आली आहे, त्याच दवाखान्यात लागली आहे, आणि तिला उद्या यायचं आहे.

चीर सुकली. सोल्यूशन लावताना मुलगी, मुक्ता, दार उघडून नाक दाबत उभी राहिली. ही इथेच जन्मलेली, अठरा वर्षांची. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींना वाटतं की आपण एकाच भाषेत बोलतोय. बू यूसुफांचा निरोप तिने ऐकला होता. हाताची गोष्ट तिला माहीत आहे. आमच्या घरात ती गोष्ट फार वेळा सांगून झाली आहे. ती म्हणाली, "आई, मे बी शी सेड इट इन अरेबिक अँड दे रेड इट इन मराठी."

मी ब्रश बाटलीत ठेवला. म्हणजे हात अरबी, थांबा म्हणणारा. आणि बघणारे आपल्याकडून नुकतेच आलेले, कुवेतचा हात माहीत नसलेले; त्यांनी वाचलं, इथे खायला आहे, इथे मासळी आहे. आठवड्याच्या आत पिंजरे घेऊन परत आले. नसरीनने जागा राखायला केलेल्या हाताने जागा दाखवली, आणि कुणाचाच दोष नाही.

इतकं सरळ बसणारं उत्तर मला पटत नाही. नमुना इतका स्वच्छ आला की मी बाटली धुतली होती का ते बघते. त्या माणसांना वाऱ्यात नसरीन काय ओरडली ते ऐकू आलं असेल. ते नवे होते की जुने, मला काय माहीत? आणि तरी चार वर्षांत हे माझ्या डोक्यात का आलं नाही, हाही प्रश्न आहे. मी हात कुठल्या भाषेत केला गेला ते शोधत राहिले. तो कुठल्या भाषेत पाहिला गेला, हे विचारायचं राहिलं.

मुक्ता म्हणाली, जस्ट कॉल हर. आणि दार लावून गेली, वासामुळे.

मी फोन केला. काय ठरवलं म्हणून केला नाही. आवाज ऐकायचा होता. तिने आधी माझे गुडघे विचारले, मग श्रीकांत, मग मुक्ता. आईचं मी विचारलं. आई गेल्या पावसाळ्यात गेली, ते मला माहीत होतं, पण फोनवर पहिल्यांदाच बोललो. मग मी म्हटलं, उद्या येतेयस ना.

"येते. पण ताई, जागा मला सांगू नको. बू यूसुफांनाही तेच बोलले मी. मी आतल्या बाकावर पाठ करून बसते. बोट थांबली की दोरी धरून खाली उतरते, काय काम असेल ते करते आणि वर येते."

"डोळे बांधून बसणार का?"

"तू बांध. तुझी गाठ घट्ट असते." मग ती म्हणाली, "ह्या वेळी काही झालं ना, तर मला सांगता आलं पाहिजे की मला माहीतच नव्हतं."

फोन ठेवल्यावर मी सुटाची चीर दाबून धरून बसले. जिने खरंच जागा सांगितली असेल, ती असंच बोलेल. जिने सांगितली नसेल, तीही असंच बोलेल. कितीही वेळ दाबून धरलं तरी ह्यातून तिसरं काही निघणार नव्हतं, आणि सोल्यूशनचा वास डोक्यात चढायला लागला होता.

मग मी कामाच्या बाजूने विचार केला, जो मला जमतो. जिला जागा माहीत नाही ती मंगळवारी सकाळी तिथे जाणार कशी? बाकावर पाठ करून बसणारी नसरीन अगदी निर्दोष राहील आणि अगदी निरुपयोगी. अंड्यांना निर्दोष माणूस नको आहे, मंगळवारी सकाळी मोकळा असलेला माणूस हवा आहे. ती चार वर्षांपूर्वी कुणाला काय म्हणाली ह्याचा निकाल लागेपर्यंत ठिपक्यांना डोळे येतील, डोळ्यांना बाकीचं अंग येईल, आणि एखादं वाहतं जाळं येऊन त्यांच्यावर बसेल. बू यूसुफांना मी उत्तर पाठवलं नाही. हे निरोपाने सांगण्यासारखं वाटलं नाही.

चीर जुळली. पावडर मारली. सूट सुलटा केला.

२३ जानेवारी, शुक्रवार. सकाळी धक्क्यावर नसरीन माझ्या आधी पोचली होती. थोडी जाड झाली आहे, मीही झाले आहे. बोट बंदराच्या भिंतीबाहेर पडेपर्यंत ती म्हटल्याप्रमाणे आतल्या बाकावर, किनाऱ्याकडे तोंड करून बसली. बू यूसुफ सुकाणू धरून माझ्याकडे बघत होते. त्यांना जुम्म्याच्या नमाजाच्या आत परत यायचं होतं आणि अजून उत्तर मिळालं नव्हतं. मी नसरीनला दंडाला धरून उठवलं, सुकाणूपाशी आणलं, दिशादर्शक यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला आणि म्हटलं, जागेचे आकडे वाच. ती वाचेना. मी म्हटलं, "मंगळवारी तुला यायचंय. मला रजा नाही." तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाचले. इंजिनाच्या आवाजात बू यूसुफांना ऐकू गेलं नाही, त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. तिने पुन्हा वाचले, ह्या वेळी मोठ्याने, शेवटच्या आकड्यापर्यंत. मी पुढे नाळेवर गेले आणि तिच्याकडे पाठ करून नांगराची दोरी मोकळी करायला बसले.